‘आम्ही जगायला जातो, ताई’: पाड्यावरच्या मुलांचा मानवी भूगोल



गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातली गोष्ट. जव्हारच्या डोंगराळ भागातल्या आमच्या अभ्यासिकेत नववीच्या मुलांची भूगोलाची छोटी चाचणी घेतली होती. शेवटचा प्रश्न होता, ‘लोक स्थलांतर का करतात? कारणे लिहा.’ बाकीच्यांनी पुस्तकातल्या दोन-चार ओळी आठवून लिहिल्या. एका मुलाने मात्र जागा कोरी सोडली.

हा मुलगा दिवाळीनंतर मे अखेरपर्यंत आईवडिलांबरोबर भिवंडीजवळच्या वीटभट्टीवर होता. परत येऊन त्याला जेमतेम दीड महिना झाला होता. मी त्याला म्हटले, “अरे, तू तर स्वतः जाऊन आलास. हे उत्तर तुला नाही तर कुणाला येणार?” त्याने माझ्याकडे नवलाने पाहिले आणि म्हणाला, “ते स्थलांतर नाही, ताई. आम्ही जगायला जातो.”

‘जगायला जाणे’ हा शब्द आमच्या भागात पाड्यापाड्यावर ऐकू येतो. वर्षानुवर्षे मीही तो ऐकत आले होते. पण पुस्तकातला शब्द आणि मुलाचे आयुष्य यांची एकमेकांशी ओळखच झालेली नाही, हे मला त्या कोऱ्या जागेने दाखवले. ईश्वरविज्ञानाची पदविका घेऊन मी या कामात आले. भूगोल दहावीनंतर हातात धरला नव्हता. त्या जुलैपासून मुलांबरोबर मीही तो नव्याने शिकू लागले. त्यातल्या काही मूळ संकल्पना आज तुमच्यापुढे मांडते. मुलांना त्या परीक्षेसाठी हव्यात. आपण जे या भागासाठी मदत पाठवतो, प्रार्थना करतो, योजना आखतो, त्यांना त्या कामासाठी हव्यात.

मानवी भूगोल म्हणजे काय?

प्राकृतिक भूगोल विचारतो, डोंगर कुठे आहे, नदी कुठून वाहते, पाऊस किती पडतो. मानवी भूगोल त्यापुढचे प्रश्न विचारतो: तिथे कोण राहते? तिथेच का राहते? पोट कशावर भरते? कुठे जाते, परत केव्हा येते? आणि तिथल्या जमिनीचे, पाण्याचे काय करायचे हे कोण ठरवते?

आपल्या राज्याच्या दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना आहे. लोकसंख्या आणि मानवी वस्ती हे त्यातले दोन पाठ. आमच्या मुलांना साओ पाउलो कुठे आहे ते पाठ येते. स्वतःच्या पाड्याबद्दल तेच प्रश्न विचारता येतात, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. म्हणून आम्ही सुरुवात पाड्यापासून केली.

स्थान आणि ठिकाण

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, पालघर जिल्ह्यात आहे. हे झाले स्थान. स्थान नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. ठिकाण मात्र तिथल्या माणसांनी घडवलेले असते. उंबराखालचा झरा, गावदेवाची जागा, तारपा वाजतो ते खळे, वरईचा उतार, या सगळ्यांनी पाड्याचे ठिकाण होते. कोणत्या झाडावरून कोणत्या पाड्याचे नाव पडले हे मुलांना विचारले, तर तासाभरात फळा भरला. उंबर, जांभूळ, आंबा, साग. त्यांतली काही झाडे आता तिथे उरलेली नाहीत. नावे मात्र आहेत. नावे वाचूनही जुना भूगोल कळतो, हे मुलांनीच मला दाखवले.

स्थान बदलत नाही, पण त्याचे नाते बदलते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. मोखाड्याचा डोंगर जागचा हलला नाही, पण जिल्ह्याचे ठिकाण ठाण्याहून पालघरला आले. दाखल्यासाठी, दाव्यासाठी कुणाच्या दारात जायचे ते बदलले. यालाच सापेक्ष स्थान म्हणतात.

अंतर: माझी एक चूक

ही संकल्पना मी चुकून शिकले, म्हणून जरा सविस्तर सांगते. काही वर्षांपूर्वी एक नवा अभ्यासवर्ग सुरू करायचा होता. मी नकाशा घेतला, आजूबाजूचे पाडे पाहिले आणि सगळ्यांना मध्यावर पडेल अशी रस्त्याकाठची एक खोली निवडली. सर्वांत लांबचा पाडा नकाशावर दीड किलोमीटरवर होता. जूनमध्ये तिथली मुले उड्या मारत आली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून एकही येईना.

मी मनात त्यांना दोष दिला. पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही, असेही बैठकीत बोलून गेले. मग एका शनिवारी मी स्वतः त्या पाड्याकडे निघाले. वाटेत ओहोळ होता. जूनमध्ये त्यात घोट्याएवढे पाणी होते. आता तो छातीएवढा भरून वाहत होता. पुलावरून वळसा घालून जायला मला दोन तास लागले.

भूगोलात अंतर तीन प्रकारांनी मोजतात: लांबीने, वेळेने आणि खर्चाने. नकाशावरचे दीड किलोमीटर हे पहिले अंतर. पावसाळ्यातले दोन तास हे दुसरे. जीपचे भाडे आणि बुडालेली मजुरी हे तिसरे. अंतर वाढत जाते तशी माणसांची ये-जा कमी होते, हा या विषयातला एक मूळ नियम आहे. भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोब्लर यांनी १९७० साली तो मोठ्या नेमकेपणाने मांडला: सगळ्या गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या असतात, पण जवळच्या जास्त जोडलेल्या असतात. जवळ म्हणजे काय, हे मात्र त्या ओहोळाकाठी उभे राहूनच कळते.

पुढच्या सोमवारपासून वर्ग त्या पाड्यातल्याच एका घराच्या पडवीत भरू लागला. मुले आली. पालकांबद्दल जे बोलले होते ते मी पुढच्या बैठकीत मागे घेतले.

वस्ती: विखुरलेली आणि केंद्रित

पुस्तकात वस्त्यांचे प्रकार आहेत. देशावरच्या गावात घराला घर लागून असते, मध्ये देऊळ, चावडी, विहीर. ही केंद्रित वस्ती. रस्त्याच्या किंवा नदीच्या कडेने पसरलेली ती रेषाकृती. आणि आमच्याकडे आहे ती विखुरलेली वस्ती. एक महसुली गाव म्हणजे डोंगरउतारांवर पसरलेले पाच, सात, कधी त्याहून जास्त पाडे.

असे का? सपाट जमीन तुकड्यातुकड्यांनी आहे, झरे जागोजाग आहेत, आणि शेत राखायचे तर शेताजवळ राहावे लागते. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांच्या वस्त्यांची मांडणी या गरजांतून झाली आहे. ती अडाणीपणाने झालेली नाही.

परीक्षेत हा एका गुणाचा प्रश्न असतो. पाड्यावर तोच प्रश्न वर्षभर छळतो. शासनाची यादी गावाची असते. गावात शाळा आहे, नळ आहे, रस्ता आहे, अशी नोंद होते. तो नळ पहिल्या पाड्यात असतो आणि शेवटचा पाडा तीन टेकड्यांपलीकडे असतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार दिले. त्याच्या महाराष्ट्रातल्या २०१४ च्या नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होण्याचा मार्ग आहे. आपल्या वस्तीचा प्रकार ओळखणारा मुलगा उद्या ग्रामसभेत हा मुद्दा उभा राहून मांडू शकतो.

घनता: रिकामा दिसणारा डोंगर

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात दर चौरस किलोमीटरला ३८२ माणसे राहतात, महाराष्ट्रात ३६५, गडचिरोली जिल्ह्यात ७४, आणि मुंबई उपनगरात वीस हजारांच्या आसपास. शहरातून येणारे पाहुणे आमचे डोंगर पाहून म्हणतात, “किती मोकळी जागा आहे इथे!”

भूगोल इथे आणखी एक हिशोब करायला सांगतो. एकूण क्षेत्राने भागू नका, पिकाखालच्या जमिनीने भागा. डोंगराचा कडा, खडक, वनखात्याची हद्द वगळली की भात, नागली, वरई पिकवायला फार थोडी जमीन उरते. मग तोच मोकळा डोंगर माणसांनी भरलेला दिसू लागतो. पुढचा प्रश्न, म्हणजे माणसे बाहेर का जातात, इथूनच सुरू होतो.

स्थलांतर: भट्टीचे वर्ष आणि शाळेचे वर्ष

इंग्लंडमध्ये अर्न्स्ट जॉर्ज रेव्हेनस्टाइन यांनी तिथल्या जनगणनेचे आकडे तपासून १८८५ साली स्थलांतराचे काही नियम मांडले. त्यांतला एक असा की बहुतेक माणसे फार लांब जात नाहीत, जवळच्या ठिकाणी जातात. १९६६ साली एव्हरेट ली यांनी आणखी सोपी मांडणी केली. माणसाला घरून ढकलणारी कारणे असतात, दुसरीकडे ओढणारी कारणे असतात, आणि मध्ये अडथळे असतात.

मी फळ्यावर तीन रकाने आखले आणि मुलांना भरायला सांगितले.

ढकलणाऱ्या रकान्यात आले: शेत पावसावरचे, पीक एकच, दिवाळीनंतर काम नाही, रोजगार हमीची मजुरी हातात यायला उशीर, आजारपणाचे किंवा लग्नाचे कर्ज. ओढणाऱ्या रकान्यात आले: मुंबई-ठाण्याच्या इमारतींना विटा लागतात, भट्ट्या भिवंडी, वाडा, कल्याण, वसई भागांत आहेत, मुकादम आधीच उचल देतो आणि दर आठवड्याला खर्ची मिळते. अडथळ्यांच्या रकान्यात मुले थांबली. मग एक मुलगी म्हणाली, “अडथळा कसला, ताई? ट्रक दारात येतो.” ली यांचा सिद्धांत तिने एका वाक्यात तपासून दिला. जाण्याच्या वाटेवर अडथळाच नाही. अडथळा असतो परतण्याच्या वाटेवर. हंगामाच्या शेवटी हिशोब होतो, उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा त्याच भट्टीवर जावे लागते. वेठबिगारीला बंदी घालणारा कायदा १९७६ पासून आहे. तरी वहीतल्या अशा बाकीने बांधलेली कुटुंबे आम्हाला दरवर्षी भेटतात.

आता दोन वर्षे शेजारी मांडून पाहा. शाळा जूनमध्ये सुरू होते, वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये, दहावीची त्याआधीच. भट्टी दिवाळीनंतर सुरू होते आणि पावसाच्या तोंडावर बंद होते. म्हणजे शाळेचे अर्धे वर्ष भट्टीच्या वर्षाखाली जाते. मजुरी हजार विटांच्या हिशोबाने मिळते, म्हणून विटा उलटायला, रचायला मुलांचे हातही लागतात. याला हंगामी स्थलांतर म्हणतात. दरसाल जाणे आणि दरसाल येणे.

हे स्थलांतर मोजायलाही अवघड असते. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे भट्टीचा हंगाम भरात असताना. पाड्यावर घराला कुलूप, आणि माणसे भट्टीशेजारच्या झोपडीत. जाहीर झाल्याप्रमाणे पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांकही १ मार्च २०२७ आहे. आपले लोक पाड्यावर नाही तर भट्टीवर, पण कुठेतरी नक्की मोजले जावेत, यासाठी आम्ही कार्यकर्ते आतापासून कुटुंबांशी बोलत आहोत. योजना आकड्यांवरून ठरतात. मोजणीत हरवलेल्या मुलासाठी वर्गखोली मंजूर होत नाही.

आपल्याला हा विषय परका वाटायला नको. रूथच्या पुस्तकाची सुरुवातच दुष्काळाने होते. अलीमलेख आणि नामी मुलांना घेऊन बेथलेहेम सोडतात, मवाबात जातात. गावाकडे पुन्हा अन्न मिळू लागल्याचे कळल्यावर नामी परत निघते आणि सातूची कापणी सुरू होत असताना पोहोचते. ढकलणारे कारण, ओढणारे कारण आणि परतीची वाट, तिन्ही त्यात आहेत. आपल्या मंडळ्यांतल्या कितीतरी कुटुंबांचे मूळ नगर किंवा जालना भागातल्या एखाद्या कोरडवाहू गावात आहे. आजोबा-पणजोबा मुंबई-पुण्याला का आले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहा.

पाऊस भरपूर, पाणी नाही

माणूस निसर्गाच्या हातात आहे की निसर्ग माणसाच्या? मानवी भूगोलातला हा जुना वाद. जर्मनीच्या फ्रिडरिख रात्झेल यांचे या विषयावरचे पुस्तक १८८२ मध्ये आले. निसर्गच माणसाचे जगणे ठरवतो, हा निसर्गवाद त्यांच्या विचारांशी जोडला जातो. फ्रान्सचे पॉल विदाल द ला ब्लाश यांच्या परंपरेने उत्तर दिले की निसर्ग शक्यता पुढे ठेवतो, निवड माणूस करतो. याला संभववाद म्हणतात.

आमच्या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरी एप्रिल-मेमध्ये कित्येक पाड्यांवर पाण्याचा टँकर लागतो. कारण निसर्गाकडून सुरू होते. उतार तीव्र आहे, खाली बेसाल्टचा कातळ आहे, त्यात पाणी फारसे मुरत नाही, पडले तसे वाहून जाते. इथपर्यंत निसर्गवाद पुरतो. पुढे पुरत नाही. कारण त्याच डोंगरांतले पाणी अडवलेलेही आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी फक्त विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत आहेत. १८९२ चा तानसा, भातसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा आणि २०१४ मधले मोखाडा तालुक्यातले मध्य वैतरणा हे पाचही या सह्याद्रीच्या पट्ट्यात आहेत. पाणी अडवता येते. ते कुणासाठी अडवायचे, ही निवड माणसाची.

हे मी मुंबईकर वाचकांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. मुंबईत मीही तेच पाणी पिते. मानवी भूगोलातली पातळीची संकल्पना हेच शिकवते की पाड्यावरची गोष्ट पाड्यावरच संपत नाही. आपल्या नळाचे पाणी आणि भिंतीची वीट एका हंड्याशी आणि एका कोऱ्या उत्तरपत्रिकेशी जोडलेली आहे. नाते आधीपासून आहे. फक्त ते आपल्याला दिसत नव्हते.

आपण काय करू शकतो?

पहिले, युवक संघात किंवा रविवारच्या शाळेत मुलांना स्वतःच्या कुटुंबाच्या प्रवासाचा नकाशा काढायला लावा. ढकलणारी, ओढणारी कारणे आणि अडथळे, असे तीन रकाने पुरे.

दुसरे, मदत पाठवताना ‘गावात काय हवे’ असे न विचारता ‘कोणत्या पाड्यात, कोणत्या महिन्यात’ असे विचारा. जुलैतली छत्री आणि फेब्रुवारीतले जेवण या वेगवेगळ्या गरजा आहेत.

तिसरे, आपल्या शहराजवळ वीटभट्टी असेल, तर तिथल्या मुलांची चौकशी करा. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. त्यावरून जवळच्या शाळेत मुलाला बसता येते. गावी राहणाऱ्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहेही आहेत. सोय कागदावर असते. मुलाला शाळेच्या दारापर्यंत नेणारे माणूस लागते.

शेवटी त्या मुलाबद्दल. गेल्या दिवाळीला ट्रक आला तेव्हा त्याचे आईवडील गेले. तो आजीजवळ राहिला. संध्याकाळचे जेवण आणि अभ्यास आमच्या वर्गात. ही व्यवस्था तुमच्या देणग्यांतून झाली. नववीच्या वार्षिक परीक्षेआधी मी तोच प्रश्न पुन्हा दिला. या वेळी त्याने पानभर लिहिले. पहिली ओळ होती, ‘आमच्याकडे स्थलांतराला जगायला जाणे असे म्हणतात.’ पुढे तिन्ही रकाने भरले होते. शेवटी मी न विचारलेली एक ओळ त्याने स्वतःहून लिहिली होती: गावात जानेवारीपर्यंत पाणी राहिले, तर त्याचे वडील दुसरे पीक घेतील आणि भट्टीवर जाणार नाहीत.

यंदा तो दहावीत आहे. येत्या दिवाळीला ट्रक पुन्हा येईल. त्याची आजी आता थकली आहे, आणि आईवडिलांवर मागची बाकी आहे. तो मार्चपर्यंत पाड्यावर राहावा, यासाठी त्याची आणि त्याच्यासारख्या मुलांची आठवण आपल्या प्रार्थनेत ठेवा.

आपली,
पाड्यावरची एक कार्यकर्ती